‘जांगल’ देश आणि आमचें ‘जंगल’

१

वनांचा विषय शिकवितांना आम्ही शिक्षक मंडळी विद्यार्थ्यांस एक गोष्ट सांगत आलों. ती अशी कीं, देशावर, म्हणजे सह्याद्रीच्या पूर्वेस गोदा, भीमा, नीरा व कृष्णा यांच्या खोऱ्यांत, पूर्वीं घनदाट झाडी होती. रामायणांत जें दंडकारण्य म्हटलें आहे तें हेंच. पुढें वस्ती वाढली, कुऱ्हाड चालली, गुरें चरलीं, इंग्रजी अमलांत आगगाडीस लांकूड लागलें, आणि त्या अरण्याचा उघडा माळ झाला. गोष्ट सुटसुटीत आहे, तींत बोधहि आहे, आणि मुलांस ती लगेच पटते. मींहि ती सुमारें तीस वर्षें सांगितली. देशापुरती ती बहुतांशीं चुकीची आहे असें आतां माझें मत झालें आहे. तें कोणत्या आधारांवर बनलें, व जुन्या पोथ्या आणि कागद संग्रहीं ठेवणारांशीं त्याचा काय संबंध आहे, हें दाखविणें एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम एक अनुभव सांगणें अवश्य आहे. एका पावसाळ्यांत आम्हीं गांवच्या गायरानांत मुलांकडून खड्डे खणविले व गिरिपुष्पाचीं रोपें लावविलीं. रोपें जगलीं. चार-पांच वर्षांत त्यांची सांवली दाटली आणि तिच्याखालचें मारवेल व पवन्या नाहींसें झालें. त्या गायरानांत दरसाल मेंढरें घेऊन येणारा एक वृद्ध धनगर मला म्हणाला, “गुरुजी, हितं रान हुतं, तुमी झाडं लावून त्ये बुजीवलं.” त्या वेळीं मला हें बोलणें विपरीत वाटलें. झाडें लावल्यानें तेथें रान झालें असें मी समजत होतों. त्याच्या मतें तेथें रान होतेंच, व तें आम्हीं मोडलें. ‘रान’ हा शब्द ‘अरण्य’ शब्दाचाच अपभ्रंश. एकाच शब्दाचे आम्हां दोघांचे अर्थ निराळे होते, आणि दोहोंपैकीं त्याचा अर्थ प्राचीन संस्कृताशीं अधिक जुळणारा होता, हें मला बऱ्याच वर्षांनीं कळलें. संस्कृत शिकविण्यांत जन्म घालविलेल्या मनुष्यास ही गोष्ट भूषणावह नाहीं.

२

‘अरण्य’ शब्दाची व्युत्पत्ति ‘अरण’ म्हणजे दूरचें, परकें, या शब्दापासून करितात. वैदिक वाङ्मयांत त्याचा प्रतियोगी शब्द ‘ग्राम’ हा आहे; पशूंचेहि ग्राम्य आणि आरण्य असेच दोन भाग केले आहेत. गांवाच्या व नांगराच्या बाहेर जें आहे तें अरण्य. तेथें झाडी दाट असेल, विरळ असेल, किंवा नुसतें गवत असेल. संकल्प सोडतांना आपण दंडकारण्य देशाचा उच्चार करितों, तेव्हां येथें एके काळीं वस्ती विरळ होती एवढेंच त्यावरून निघतें. सूर्यप्रकाश जमिनीस लागत नव्हता असें निघत नाहीं.

‘जंगल’ शब्दाची कथा याहून मौजेची आहे. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायांत राजानें कोठें राहावें हें सांगतांना ‘जांगल’ व धान्यसंपन्न असा देश पसंत करावा असें म्हटलें आहे. हें स्थळ वर्गांत आलें कीं मुलें हंसत. राजानें जंगलांत जाऊन राहावें, हा काय सल्ला झाला? परंतु मनूचें ‘जांगल’ आणि आमचें ‘जंगल’ हे अर्थानें जवळजवळ उलट शब्द आहेत. आयुर्वेदांत देशाचे तीन प्रकार केले आहेत : जांगल, आनूप व साधारण. आनूप म्हणजे पाणथळ व दाट झाडीचा. जांगल म्हणजे कोरडा व उघडा. चरकसंहितेच्या कल्पस्थानांत जांगल देशाचें जें वर्णन आहे त्यांत मोकळें आकाश, कोरडा वारा, खडा व वाळू असलेली कठीण जमीन, आणि मृगजळ हीं सर्व आहेत. झाडें खैर, धावडा, बोर, टेंभुर्णी, शमी अशीं. वड, पिंपळ व आंवळाहि आहेत. पक्षी लावा आणि तित्तिर. हें वर्णन हातांत घेऊन इंदापूर, माण किंवा करमाळा तालुक्यांतील माळावर उभें राहावें. चरकानें तेथेंच बसून लिहिलें कीं काय असें वाटतें.

याच संदर्भांत आणखी एक स्थळ लक्षांत घ्यावें. मनूच्या दुसऱ्या अध्यायांत, जेथें कृष्णसार मृग स्वभावतः संचार करितो तो देश यज्ञास योग्य, असें म्हटलें आहे. कृष्णसार म्हणजे काळवीट. हा प्राणी दाट झाडींत राहत नाहीं. वेगानें पळणें व दूरवर पाहणें हेंच त्याचें रक्षण. त्यास उघडें गवताळ रान लागतें. अर्थात् धर्मशास्त्रानें पवित्र ठरविलेली भूमि ही गवताची व विरळ झाडांची भूमि होती. फ्रेंच पंडित फ्रान्सिस झिमरमान यांनीं १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत आयुर्वेदांतील या देशविभागाचें सविस्तर विवेचन केलें असून, आजच्या ‘जंगल’ शब्दानें जुन्या ‘जांगल’ शब्दाचा अर्थ कसा उलटा केला हें दाखविलें आहे. इंग्रजींत हा शब्द अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत शिरला तेव्हां त्याचा अर्थ पडीत जमीन असाच होता. पुढें तो गर्द झाडीकडे झुकला, आणि तोच अर्थ आमच्या शाळांतून रूढ झाला. शब्द घरचा, अर्थ मात्र पाहुण्याचा, अशी ही स्थिति आहे.

३

शब्दांवरून निघालेल्या अनुमानास पावसाचें प्रमाण मिळतें तें कौटिलीय अर्थशास्त्रांत. हा ग्रंथ श्यामशास्त्री यांस म्हैसूर येथें हस्तलिखितरूपानें मिळाला व १९०९ त छापून प्रसिद्ध झाला, हें वाचकांस विदितच आहे. त्यांतील दुसऱ्या अधिकरणांत कोठारापाशीं एक अरत्नि रुंद तोंडाचें कुंड ठेवून पाऊस मोजावा असें सांगितलें आहे, आणि पुढें देशवार मापें दिलीं आहेत. जांगल देशांत सोळा द्रोण, आनूप देशांत त्याच्या दीडपट, अवंतींत तेवीस, आणि अपरांतांत, म्हणजे कोंकणांत, अमित. अश्मकांचें माप ‘अर्धत्रयोदश’ द्रोण असें आहे. कांहीं भाषांतरांत याचा अर्थ साडेतेरा केला आहे. परंतु ‘अर्धतृतीय’ म्हणजे अडीच, व आपला ‘अडीच’ हा शब्द त्याचाच अपभ्रंश, हें ध्यानांत घेतल्यास ‘अर्धत्रयोदश’ म्हणजे साडेबाराच होतात. दोहोंपैकीं कोणतेंहि माप धरलें तरी गोदाकांठच्या अश्मक देशाचा पाऊस जांगल देशाहूनहि कमी, आणि सह्याद्रीच्या पलीकडचा अगणित, हें स्पष्ट होतें.

आजचे आंकडे याच क्रमाचे आहेत. एका सातारा जिल्ह्यांतच महाबळेश्वरीं वर्षास साडेपांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तेथून पूर्वेस सुमारें शंभर किलोमीटरांवर माण तालुक्यांत तो पांचशेंच्या आसपास येतो. मोसमी वारा डोंगरास अडून पश्चिमेच्या अंगास रिता होतो. पूर्वेच्या अंगास कोरडा उतरतो. त्यांतून देशावर बहुतेक ठिकाणीं काळ्या खडकावर मातीचा थर पातळ. अशा जागीं गवताचा स्वभाव उपयोगी पडतो. त्याचा वाढीचा कोंब जमिनीलगत असतो, म्हणून वरचें पान चरलें गेलें किंवा वणव्यांत जळलें तरी पहिल्या पावसाबरोबर तें पुन्हां फुटतें. त्यास असह्य होते ती सांवली. म्हणून त्या धनगराचें म्हणणें अक्षरशः खरें होतें : आम्हीं लावलेल्या झाडांनीं माळ झांकला नव्हता, मारला होता.

४

येथें आक्षेप येईल कीं, संस्कृत ग्रंथांतील वर्णनें सामान्य स्वरूपाचीं असतात. त्यांवरून भीमाकांठचा माळ किती जुना हें कसें ठरावें? आक्षेप रास्त आहे. त्याचें पहिलें उत्तर भूमीच्या पोटांतून येतें. घोड नदीकांठीं इनामगांव येथें डेक्कन कॉलेजानें १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केलें. तेथील ताम्रपाषाणयुगीन वस्ती सुमारें इसवी सनापूर्वीं १६०० ते ७०० या काळांतील आहे. तिच्या अवशेषांत पाळीव गुरें व शेळ्यामेंढ्या यांच्या हाडांबरोबर काळविटाचीं हाडेंहि मिळालीं. जेथें काळवीट मारून खात होते तेथें जवळपास उघडें रान होतेंच.

दुसरें उत्तर मराठी वाङ्मयांत आहे. लीळाचरित्र (सुमारें इ. स. १२७८) व त्यानंतरचे महानुभाव ग्रंथ, संतांचीं चरित्रें, क्षेत्रांच्या कथा, ओव्या, या सर्वांत झाडांचे सहज उल्लेख पुष्कळ आहेत. सहज हा शब्द मुद्दाम योजिला आहे. आख्यानकाव्यांतील वनवर्णन प्रमाण धरूं नये, कारण कवि झाडांची यादी परंपरेनें देतो. जें झाड त्यानें जन्मांत पाहिलें नाहीं तेंहि त्याच्या वनांत फुललेलें असतें. परंतु अमुक पुरुष अमुक गांवाबाहेर अमुक झाडाखालीं बसले, असें जेव्हां चरित्रकार जातां जातां लिहितो, तेव्हां त्यास झाडाविषयीं कांहीं सिद्ध करावयाचें नसतें, म्हणूनच त्याची साक्ष मोलाची.

अशी साक्ष पद्धतशीर गोळा करण्याचें काम आशीष नेर्लेकर व दिग्विजय पाटील यांनीं केलें असून त्यांचा निबंध २०२५ साली ‘पीपल अँड नेचर’ या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. तेराव्या शतकापासूनच्या मराठी वाङ्मयांत व लोकपरंपरेंत देशावरील ज्या रानटी वनस्पति नांवानिशीं येतात त्यांपैकीं जवळजवळ दोन तृतीयांश उघड्या गवताळ रानांतीलच आहेत, असें त्यांस आढळलें. शास्त्रज्ञ ज्यास सवाना म्हणतात तें हें रान निदान साडेसातशें वर्षांचें जुनें आहे, हा त्यांचा निष्कर्ष. पंढरपूरच्या देवळांत कान्होपात्रेच्या समाधिस्थानीं जें झाड दाखवितात तें तरटीचें. तरटी हें माळावरचें कांटेरी झाड. दाट वनाचें नव्हे. भाविकांनीं शतकानुशतकें ज्यास हात जोडले तें झाडच इतिहासाचा पुरावा होऊन उभें आहे, आणि आम्हां शिकविणारांस तें दिसलें नाहीं. डॉ. रा. चिं. ढेरे यांनीं १९८४ च्या आपल्या ग्रंथांत श्रीविठ्ठलाचें मूळ गवळी-धनगरांच्या दैवतांत शोधिलें, तेंहि येथें आठवतें. ज्या भूमीचीं मोठीं दैवतें मेंढपाळांत रमलेलीं, ती भूमि मेंढ्यांना चारा देणारी होती हें वेगळें सांगावयास नको.

ग्रामनामांचाहि उपयोग होतो. हिवरे, बाभुळगांव, बोरगांव, पळसदेव, टेंभुर्णी हीं नांवें पाहावीं. परंतु यांत सावधगिरी पाहिजे. गांवास नांव पडतें तें कधीं सर्वत्र असलेल्या झाडावरून, तर कधीं एकट्याच उठून दिसणाऱ्या झाडावरून. वडगांव व पिंपळगांव यांवरून वडापिंपळांचें वन सिद्ध होत नाहीं. म्हणून ग्रामनाम हा जोडपुरावा मानावा, मुख्य नव्हे.

५

गवताचें महत्त्व आमच्या पूर्वजांस कळत होतें याचा पुरावा धर्मशास्त्रांत व दप्तरांत सारखाच मिळतो. गांवाभोंवतीं शंभर धनुष्यें रुंदीची जमीन चराईकरितां मोकळी सोडावी, नगराभोंवतीं तिप्पट, असें मनूनें आठव्या अध्यायांत सांगितलें आहे. आपलें गायरान तें हेंच. राजसत्तेनें राखलेलें गवत तें कुरण. मराठ्यांचें सैन्य घोड्यावर चालणारें, आणि घोडा गवतावर. भीमथडीचीं तट्टें प्रसिद्ध झालीं तीं भीमेच्या थडीस चारा होता म्हणून. चिपळुणाजवळील दळवटणें येथील छावणीच्या अंमलदारांस शिवछत्रपतींच्या कारकीर्दींत गेलेलें पत्र सर्वांच्या परिचयाचें आहे. त्यांत पावसाळ्यापुरता सांठविलेला दाणावैरण बेतानें वापरावा, रयतेस उपद्रव देऊं नये, आणि उंदीर दिव्याची पेटती वात ओढून नेईल व गवताच्या गंज्या जळतील, इतक्या बारकाईचा इशारा आहे. गवत ही राज्याची ठेव होती, ‘पडीत’ नव्हती.

तिला पडीत ठरविण्याचें श्रेय पुढील काळाकडे जातें. ज्या जमिनीवर सारा बसत नाहीं ती ओसाड, अशी वसुलाची दृष्टि; जींत इमारती लांकूड नाहीं ती निकृष्ट, अशी वनखात्याची दृष्टि. मुंबई इलाख्यांत १८४७ साली अलेक्झांडर गिब्सन पहिले वनसंरक्षक झाले. १८६५ व १८७८ चे वनविषयक कायदे त्यामागून आले. या दोन दृष्टींच्या मध्यें माळास जागाच उरली नाहीं. स्वराज्य आलें तरी शब्द तेच राहिले. १९८५ त पडीक जमिनींच्या सुधारणेकरितां राष्ट्रीय मंडळ स्थापन झालें, आणि सुधारणा म्हणजे झाडें लावणें हा अर्थ आपोआप चिकटला. आमचें गायरान बुजविणारे खड्डे याच विचारपरंपरेंतले. त्यांत कोणाचा दुष्ट हेतु नव्हता. चुकीचें वाचन मात्र होतें.

६

या प्रतिपादनाचा विपर्यास होऊं नये म्हणून दोन गोष्टी स्पष्ट करितों. पहिली ही कीं, हा सिद्धांत देशापुरता आहे. कोंकण, मावळ व घाटमाथा येथें पावसानें पोसलेली खरी दाट झाडी होती, आणि तिचा नाश हा कल्पनेचा खेळ नाहीं. तेथील देवराया, ज्यांचा अभ्यास वा. द. वर्तक व माधव गाडगीळ यांनीं केला, त्या हरवलेल्या वनाच्या शिल्लक राहिलेल्या खुणा आहेत. तेथें वृक्षतोड ही हानि, देशावर वृक्षारोपण ही हानि; ज्या त्या भूमीचा न्याय तिच्या पावसावरून करावा. देशावरहि नदीकांठीं, ओढ्यांत व डोंगरांच्या कुशींत झाडी होती व ती तुटली, हें मी नाकारीत नाहीं.

दुसरी गोष्ट प्रमाणांच्या शुद्धतेची. आंबा, फणस इत्यादि झाडें रयतेनें लेंकरांप्रमाणें वाढविलेलीं असतात, तीं आरमाराकरितां बळानें तोडूं नयेत, या आशयाची आज्ञा शिवाजीमहाराजांच्या नांवानें शाळांच्या भिंतींवर लिहिलेली आढळते. तो मजकूर रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांतील आहे, व तें कोल्हापूरच्या संभाजीराजांच्या काळीं, इ. स. १७१५-१६ च्या सुमारास, लिहिलें गेलें. त्यांत शिवकालीन नीतीचें प्रतिबिंब असेल. पण ग्रंथ कोणाचा व केव्हांचा हें न सांगणें गैर. शिवाय ती आज्ञा रयतेच्या फळझाडांविषयीं आहे, रानाविषयीं नाहीं. चांगल्या कामास चुकीचें प्रमाण दिलें म्हणजे तें काम पुढें दुबळें होतें.

७

आतां शिकविण्याविषयीं. सेवानिवृत्तीपूर्वींच्या शेवटच्या कांहीं वर्षांत मीं हा पाठ निराळ्या रीतीनें घेतला. पूर्वीं काय होतें हें प्रथम सांगितलें नाहीं. मुलांस माळावर नेलें व तेथील झाडें लिहून काढावयास लाविलीं : बाभूळ, हिवर, खैर, बोर, हिंगणबेट. नंतर विचारलें कीं, या सर्वांत समान काय? पानें बारीक, अंगास कांटे. पान बारीक कां, तर ऊन फार. कांटे कां, तर चरणारें जनावर फार. म्हणजे या झाडांचा व चरणाऱ्या जनावरांचा सहवास मनुष्याच्या कळपांहून पुष्कळ जुना असला पाहिजे, हें मुलांनींच काढलें. मग वर्गांत येऊन चरकाचें वर्णन वाचलें, मनूचें जांगल वाचलें, आणि वहींत तीन रकाने पाडले : शब्द, ग्रंथ व काळ, तें झाड अगर जनावर कसल्या रानांत राहतें. एका मुलीनें विचारलें, “मग गुरुजी, आपण गायरानांत झाडं का लावली?” मीं खरें तें उत्तर दिलें, कीं मला वाचतां आलें नव्हतें.

हा केवळ शब्दांचा वाद नव्हे. माळढोक पक्ष्याचें नांवच माळावरून पडलें. त्याच्याकरितां १९७९ साली सोलापूर व नगर (आतांचें अहिल्यानगर) या जिल्ह्यांत अभयारण्य ठरविण्यांत आलें, व सोलापुराजवळील नान्नज त्यामुळें प्रसिद्धीस आलें; तरी आज महाराष्ट्रांतून तो पक्षी जवळजवळ नाहींसा झाला आहे. शिकार, उंसाचें पाणी, विजेच्या तारा, तुटक झालेलीं रानें, अशीं त्याचीं कारणें अनेक आहेत. आणि माळ म्हणजे रिकामी जागा ही समजूत त्यांतलीच एक. लांडगा, खोकड, चंडोल व काळवीट यांचाहि संसार त्याच माळावर आहे, आणि धनगरांच्या वाटाहि तेथूनच जातात. जें आपण ‘गेलेलें अरण्य’ म्हणून शोक करितों तेंच जिवंत रान आपल्या डोळ्यांदेखत पुरलें जात आहे.

संग्राहकांस माझी विनंति एवढीच आहे. आपल्या रुमालांत गायरानाचे तंटे, कुरणांच्या राखणीच्या व गवताच्या गंज्यांच्या यादी, शिवेचे महजर असतात. शिवेची खूण म्हणून त्यांत हिवर, बाभूळ, पळस यांचीं नांवें येतात. वंशावळी व सनदा निवडून घेतांना असे कागद क्षुल्लक म्हणून बाजूस पडतात. ते बाजूस टाकूं नयेत. झाडाचें नांव, गांव व शक हीं तीन टिपून घ्यावींत, व अशीं टिपणें त्रैमासिकाकडे पाठवावींत. दहा ठिकाणच्या अशा टिपणांची एक यादी जुळली, तर एखाद्या गांवचें गायरान खणण्यापूर्वीं कोणा शिक्षकास ती दाखवितां येईल.